चार वाजून सहा मिनिटांपर्यंत

मुंबई दुसऱ्या महायुद्धाची रणभूमी कधीच नव्हती. तरीही त्या युद्धाने मुंबईकरांचा एका दुपारी जो संहार केला, तो शत्रूच्या विमानांनी केला नाही. तो मित्रराष्ट्रांच्याच बोटीने, मित्रराष्ट्रांच्याच दारूगोळ्याने, शहराच्या मध्यवस्तीला लागून असलेल्या गोदीत केला. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. बोटीचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’. या बोटीतून धूर निघताना पहिल्यांदा दिसला तेव्हापासून तिचा स्फोट होईपर्यंत साडेतीन तासांहून अधिक वेळ गेला. त्या वेळेत काय घडलं आणि काय घडायला हवं होतं, ते क्रमाने पाहायला हवं.

२४ फेब्रुवारी : बर्कनहेड, इंग्लंड

कॅनडात १९४२ साली बांधलेली, सात हजार टनांवरची ही मालवाहू बोट इंग्लंडचा किनारा सोडते. कप्तान आहेत अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. बोटीत १ हजार ३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा आहे: तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. त्यातली २३८ टन स्फोटकं ‘अ’ वर्गातली, म्हणजे सर्वांत संवेदनशील. शिवाय पेट्यांत बांधलेली स्पिटफायर विमानं आहेत, आणि ३१ पेट्यांमध्ये सोन्याच्या विटा. त्या सोन्याची किंमत सुमारे ८ लाख ९० हजार पौंड.

इतका दारूगोळा एका बोटीत भरणं युद्धकाळात नवलाचं नव्हतं. जपानी फौजा आसामच्या सीमेवर येऊन ठेपल्या होत्या, पुढे एप्रिलमध्ये कोहिमाला त्यांचा वेढा पडला. पूर्वेच्या आघाडीला माल हवा होता आणि तो मुंबईमार्गे येत होता.

३० मार्च ते ९ एप्रिल : कराची

जिब्राल्टर आणि पोर्ट सैद मागे टाकून बोट कराचीला लागते. काही माल उतरतो, जागा रिकामी होते. युद्धकाळात बोटीतली रिकामी जागा म्हणजे गुन्हाच मानला जाई. पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईला नेण्यावर तेव्हा बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राचा रस्ता धरावा लागे. साडेआठ हजारांहून अधिक गासड्या बोटीत चढतात. त्यांच्यासोबत वंगणतेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार लोखंडही येतं.

दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मालकोठारात, तळाशी कापूस रचला जातो आणि त्याच होल्डच्या वरच्या मजल्यावर ‘अ’ वर्गाची स्फोटकं आहेत. तेल झिरपलेला कापूस आतल्या आत धुमसू शकतो, हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असतं. या मिश्रणाबद्दल नेस्मिथ आपला निषेध नोंदवतात. नोंद होते. माल मात्र तसाच राहतो.

संकट इथेच आकाराला आलं. पुढे मुंबईत ठिणगी कशीही पडली असो, ती पडेल तिथे कापूस आणि कापसाच्या डोक्यावर स्फोटकं असतील, ही व्यवस्था कराचीतच पक्की झाली होती.

१२ एप्रिल : व्हिक्टोरिया गोदी, धक्का क्रमांक १

स्फोटकांची बोट बाहेर समुद्रात नांगरावी आणि माल पडावांवर, म्हणजे छोट्या मालनौकांवर, उतरवून घ्यावा, ही शांततेच्या काळातली रीत. युद्धाच्या घाईत ती बाजूला ठेवलेली आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ थेट गोदीत येते. स्फोटकांच्या बोटीवर लाल निशाण असावं लागतं, तेही या बोटीवर नाही. म्हणजे शेजारच्या बोटींना, धक्क्यावरच्या हमालांना, उंचावरून गोदीकडे पाहणाऱ्या कुणालाच ही बोट इतरांपेक्षा वेगळी वाटण्याचं कारण नाही.

‘अ’ वर्गाचा माल उतरवायला पडाव लागतात. ते वेळेवर येत नाहीत. दोन दिवस जातात. इंजिनाचं दुरुस्तीकाम काढलेलं असल्याने बोट स्वतःच्या बळावर हलू शकत नाही.

१४ एप्रिल, दुपारी साडेबारा

जेवणाची सुट्टी होते. हमालांच्या टोळ्या बोटीवरून उतरतात. याच सुमारास आसपासच्या बोटींवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकीन’च्या हवेच्या झरोक्यांतून धुराची बारीक रेघ निघताना दिसते. त्यातला कुणीही ओरडत नाही, कुणी निरोप धाडत नाही. ज्यांची बोट आहे त्यांचं लक्ष असेलच, असं प्रत्येकाने गृहीत धरलं असावं. लाल निशाण असतं तर हे गृहीतक टिकलं नसतं.

पुढच्या तासा-सव्वा तासात आग कापसात आत-आत शिरते.

पावणेदोन ते दोन

सुट्टी संपवून हमाल परततात. दोन नंबरच्या होल्डमधून धूर येतोय, हे त्यांच्या ध्यानात येतं आणि ते घाईने वर येऊन कळवतात. बोटीवरचे खलाशी आणि धक्क्यावर उभी असलेली अग्निशमन तुकडी नळ जोडून पाणी सोडू लागते. धूर इतका दाट आहे की आग नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. पाणी वरून पडतंय, जळतंय तळाशी.

दोन वाजून सोळा मिनिटं

अग्निशमन दलाला वर्दी मिळते. ही वर्दी पुरेशी नाही. आग दारूगोळ्याच्या बोटीला लागली आहे हे फोन करून सांगायचं होतं, पण फोन लागला नाही म्हणून धोक्याच्या घंटीची काच फोडली गेली. घंटी फक्त जागा सांगते, आगीचं स्वरूप सांगत नाही. त्यामुळे साध्या आगीला निघतात तेवढेच, दोन बंब निघतात. बंबवाले धक्क्यावर पोचल्यावर त्यांना कळतं की समोर काय आहे. मग जादा बंबांची मागणी जाते आणि शहरभरातून गाड्या गोदीकडे धावू लागतात.

अडीचच्या सुमारास

दारूगोळा खात्याचा अधिकारी, कॅप्टन ओबर्स्ट, बोटीवर येतो. मालाची यादी पाहतो. ही बोट उडाली तर सगळी गोदी उडेल, हे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. बोट बुडवून टाका, असं त्याचं म्हणणं पडतं.

म्हणजे अडीच वाजता धोका माहीत होता. कुणाला तरी संशय होता असं नव्हे. ज्याला त्या विषयातलं कळतं त्या माणसाने, योग्य ठिकाणी उभं राहून, योग्य लोकांना सांगितलेलं होतं.

अडीच ते साडेतीन

धक्क्यावर आता जबाबदार माणसं जमली आहेत. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर आहेत, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज आहेत, दारूगोळ्याचे जाणकार आहेत, कप्तान नेस्मिथ आहेत. प्रत्येकाकडे एक मत आहे आणि प्रत्येक मताला तितकंच वजनदार उत्तर आहे.

बोट बुडवावी? गोदीत पाणी उथळ. बोट थोडी खाली बसेल, बुडणार नाही. शिवाय तळाच्या झडपा पाणी बाहेर सोडणाऱ्या आहेत, आत घेणाऱ्या नाहीत. बोट ओढून समुद्रात न्यावी? इंजिन बंद आहे. बाहेर काढायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ आगीवरचा पाण्याचा मारा थांबवावा लागेल. मग आग इथेच विझवावी? कूम्ब्ज यांचा भर यावर आहे. त्यांची माणसं जिवावर उदार होऊन तेच करत आहेत.

खरा घोटाळा अधिकाराचा आहे. बोट कप्तानाची, धक्का पोर्ट ट्रस्टचा, आग अग्निशमन दलाची, माल लष्कराचा. या चौघांच्याही वर बसून ‘आता हेच करायचं’ असं सांगणारा एकही माणूस त्या तासात गोदीत नव्हता. साम्राज्याच्या इतक्या मोठ्या युद्धयंत्रणेत या एका जागेचा विचार कुणी केलेला नव्हता.

दरम्यान बोटीच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग फुगून सुटू लागतो. आग पत्र्यामागे कुठे आहे, हे आता कळलं. तिथेच भोक पाडून पाणी आत सोडावं म्हणून गॅसकटर मागवला जातो. तो येतो, पण चालत नाही.

पाण्याचा मारा चालूच आहे. एकूण ९०० टनांहून अधिक पाणी होल्डमध्ये गेलं आहे. डेकवर उभं राहणाऱ्यांच्या पायांना चटके बसू लागले आहेत, साचलेलं पाणी उकळतंय. आणि इथे सर्वांत क्रूर गोष्ट घडते. पाणी चढतं तसा जळता कापूस तरंगत वर येतो. वर स्फोटकं आहेत. आग विझवण्यासाठी ओतलेलं पाणीच आगीला स्फोटकांपर्यंत उचलून नेतंय.

तीन वाजून पन्नास मिनिटं

होल्डमधून ज्वाळांचा प्रचंड लोट उसळतो. बोट सोडण्याचा हुकूम सुटतो. खलाशी आणि बंबवाले उतरू लागतात. अनेक बंबवाले धक्क्यावर येऊनही नळ सोडत नाहीत. तिथूनच मारा चालू ठेवतात. कप्तान नेस्मिथ कुणी मागे राहिलं नाही ना, याची खात्री करायला थांबतात.

पण हा हुकूम एका बोटीपुरता आहे. गोदी रिकामी करण्याचा हुकूम अडीच वाजता सुटला नव्हता, तो आताही सुटत नाही. शेजारच्या बोटींवर माणसं कठड्याला रेलून आग पाहत आहेत. शेडमध्ये हमाल आहेत. गोदीच्या भिंतीपलीकडे मांडवी आणि मशीद बंदरचा बाजार भरात आहे.

चार वाजून सहा मिनिटं

‘फोर्ट स्टिकीन’चे दोन तुकडे होतात. गोदीतल्या मनोऱ्याचं घड्याळ याच वेळेला थांबतं. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटतात, कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद उमटते. सिंधिया कंपनीची सुमारे चार हजार टनांची ‘जलपद्मा’ पाण्यातून उचलली जाऊन धक्क्यावर फेकली जाते. धक्क्यावर नळ धरून उभे असलेले बंबवाले जागच्या जागी संपतात. नेस्मिथ मारले जातात. जळत्या गासड्या आकाशातून बोटींवर, गोदामांवर, झोपड्यांवर कोसळतात. शहरात एकच समजूत पसरते: जपान्यांनी बॉम्ब टाकले.

चार वाजून चौतीस मिनिटं

बोटीचा मागचा तुकडा अजून बाकी होता. त्यातल्या दारूगोळ्याचा दुसरा स्फोट होतो. पहिल्या स्फोटानंतर जखमींना उचलायला, आगी विझवायला धावून आलेली माणसं यात सापडतात. दोन स्फोटांमध्ये २८ मिनिटं होती.

पुढचे दिवस

आग आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. ६६ बंबवाले गेले, ८३ जखमी झाले. एकूण मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. पोटापाण्यासाठी गोदीत आलेल्या किती हमालांची नावं कुठल्याच यादीत आली नसतील. तेरा बोटी गेल्या, सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. बंगालचा दुष्काळ अजून ताजा असताना पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं. आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली. सोन्याच्या विटा त्यानंतरही कित्येक वर्षं गोदीच्या गाळातून निघत राहिल्या.

सरकारने बातमी दाबून धरली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. इथल्या माणसांना आपल्याच शहरात काय घडलं ते मे महिन्यापर्यंत छापील अक्षरात वाचायला मिळालं नाही. चौकशीत घातपाताचा पुरावा निघाला नाही. कुणाच्या तरी विडी-सिगारेटचं थोटूक कापसात पडलं असावं, असा निष्कर्ष निघाला.

थोटकावर ठपका ठेवणं सोपं आहे. वर्षानुवर्षं आपण ही घटना ‘अपघात’ म्हणून सांगत आलो, त्याचं कारणही तेच. पण त्या दुपारचा हिशेब मांडला तर एक गोष्ट टाळता येत नाही. आग लागल्यावर बोट वाचवणं बहुधा कुणाच्याच हातात नव्हतं. बुडवण्याला, ओढून नेण्याला, विझवण्याला, तिन्हींना खरे अडथळे होते. माणसं वाचवण्याला असा एकही अडथळा नव्हता. ओबर्स्टने इशारा दिला त्यानंतर दीड तासाहून अधिक वेळ उरला होता. तेवढ्यात धक्के, शेड आणि भिंतीपलीकडची गल्ली पायी चालून रिकामी झाली असती. त्यासाठी ना पडाव लागत होते, ना इंजिन, ना गॅसकटर. लागत होता एक भोंगा आणि तो वाजवण्याचा अधिकार असलेला एक माणूस.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो या ६६ जणांसाठी. त्यांच्या स्मरणार्थ भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे. त्यांच्या शौर्याला मानवंदना दिलीच पाहिजे. पण जिथे जिथे स्फोटक माल आणि माणसांची वस्ती शेजारी नांदतात, मग ते बंदर असो, दारूगोळ्याचं कोठार असो की रसायनांचा कारखाना, तिथल्या प्रत्येक प्रमुखाला त्या दिवशी एक प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे: आत्ता धूर दिसला, तर लोकांना बाहेर काढण्याचा हुकूम कोण देणार? उत्तरात एकाहून अधिक नावं आली, तर ते उत्तर नापास समजावं.