पर्यवेक्षण, समुपदेशनातील

समुपदेशन शिकणाऱ्या उमेदवाराचे प्रत्यक्ष काम अनुभवी व्यक्तीने नियमितपणे ऐकून त्याच्याशी त्याविषयी विचारविनिमय करण्याची पद्धती. बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत १९२० नंतर ती प्रशिक्षणाचे आवश्यक अंग ठरली. तथापि देखरेख करणाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाचा विचार बराच मागे राहिला, कारण उत्तम समुपदेशक हा आपोआप उत्तम पर्यवेक्षक होतो असा समज रूढ होता.

तो समज चुकीचा आहे. समजा, नवेगाव बांधकडील (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) एखादी बाई ‘मले काही सुचत नाही’ एवढे बोलून थबकली आणि उमेदवाराने लगोलग तिला चार दिवस माहेरी जाण्याचा सल्ला दिला, तर ध्वनिमुद्रण ऐकताना नवा पर्यवेक्षक हटकून अधिक चांगला सल्ला सुचवू लागतो, मुरलेला पर्यवेक्षक तेथेच यंत्र थांबवून ‘ती थबकली तेव्हा तुमच्या मनात काय आले?’ असे विचारतो व उत्तर येईपर्यंत गप्प राहतो. हे गप्प राहणे शिकण्यास सर्वांत कठीण.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने (स्थापना १९९६) प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्तांसाठी सहा ते आठ बैठकांची उपचारपद्धती आखून तीसाठी सामान्य शिक्षण झालेले स्थानिक समुपदेशक तयार केले, आणि तज्ज्ञ मोजकेच असल्याने पर्यवेक्षणही क्रमाक्रमाने त्यांच्याच गटाकडे सोपविले. एकाची ध्वनिमुद्रित बैठक सर्वांनी ऐकायची, ठरावीक गुणपत्रकावर गुण द्यायचे आणि मग चर्चा करायची, असा तो शिरस्ता. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडूनही पाहिले गेले. या उपचाराची ४९५ रुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली व तीत तो गुणकारी ठरला. सहकाऱ्याचे काम तोलता तोलता पर्यवेक्षक घडविण्याची ही रीत, प्रस्तुत लेखकाच्या मते, केवळ व्याख्यानांनी होणाऱ्या शिक्षणाहून कितीतरी सकस आहे.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पामुळे उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. इतकी माणसे बोलू लागली, म्हणजे ऐकणाऱ्यावरचा भारही वाढतो. तो हलका करणे हे पर्यवेक्षकाचे कर्तव्य असले, तरी उमेदवारावरच उपचार करू लागणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखविला गेल्यास मात्र पुढच्या बैठकीची वाट न पाहता रुग्ण त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचेल अशी तजवीज त्याने करावयाची असते.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत भाषेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. झाडीबोलीत किंवा गोंडीत सांगितलेले दुःख उमेदवार प्रमाण मराठीत लिहून आणतो, तेव्हा त्यातील नेमका शब्द बहुधा वाटेतच गळतो; म्हणून येथील पर्यवेक्षकाने नोंदवहीवर न विसंबता, बोलणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन केलेले ध्वनिमुद्रण तिच्याच बोलीत ऐकले पाहिजे.