कापलेल्या गाडीचा इतिहास कुठे वाचायचा?

चॉपर म्हणजे लांबलचक फोर्क, उंच हँडल आणि जवळपास उघडी चॅसी असलेली मोटरसायकल. खड्ड्यात ती कंबर मोडते, मागे कोणाला नीट बसवता येत नाही. तरी पन्नास-साठ वर्षं तिची ओढ कायम आहे. का? संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा चांगला सराव आहे, कारण उत्तर शोधायला लागलं की साधनांचा प्रश्न उभा राहतो.

'चॉप' म्हणजे छाटणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी वजनदार हार्ले-डेव्हिडसनचे मडगार्ड छाटले, नको ते काढून टाकलं. त्या गाड्या म्हणजे बॉबर. पुढे थेट चॅसी कापून हेड पाइप मागे कलवला, फोर्क वाढवला, आणि चॉपर तयार झाली. १९६९ च्या 'ईझी रायडर' सिनेमाने ती जगभर पोचवली.

आता थोडं विज्ञान. हेड पाइपची रेघ जमिनीपर्यंत वाढवली, तर ती पुढचं चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे लागते. या अंतराला ट्रेल म्हणतात. कल वाढला की साधारणपणे ट्रेल वाढतो. मग गाडी सरळ रस्त्यावर ठाम चालते, पण कमी वेगात हँडल जड होतं. पसरणी घाटाच्या वळणांवर अशी गाडी घाम काढणारच. म्हणजे सोयीच्या हिशेबात चॉपर नापास.

मग ओढ कशाची? माझ्या मते, कारखान्यातून आलेली वस्तू हा शेवटचा शब्द नाही, आपल्या हाताने ती बदलता येते, या भावनेची. ही भावना सातारा-सांगलीला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे लोखंडी नांगर बनू लागले. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. या दोघांचा इतिहास लिहिलेला सापडतो. गावच्या गॅरेजचा मात्र सापडत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचंच बघा. त्यांनी जुने सुटे भाग जोडून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली, तीही मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. गाडी नियमात बसत नाही हे सांगूनही त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिली. व्हिडिओ झाला नसता, तर ही जीप कोणत्या दप्तरात सापडली असती?

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यामुळे चॅसी कापणारा पावती देत नाही आणि आरसी बुकात गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहते. कागद खोटा नसतो, अर्धा असतो.

अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. 'ईझी रायडर'च्या चॉपर घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नाहीत. पुढे अनेक वर्षांनी ती लोकांसमोर आली.

म्हणून असा विषय घ्यायचा असेल तर गाडीलाच दस्तऐवज समजा. वेल्डिंगचा सांधा कुठे आहे, कोणता भाग कोणत्या गाडीचा आहे, काय काढलं आणि काय ठेवलं, हे टिपून घ्या. मग मिस्त्रीला विचारा. आणि त्याची हरकत नसेल, तर त्याचं नाव प्रबंधात लिहा. 'स्थानिक कारागीर' एवढ्यावर भागवू नका.