क्राउडफंडिंग : स्वतंत्र लेखकाची पहिली फँटसी कादंबरी

पुस्तक छापून होण्याआधीच वाचकांकडून लहानमोठ्या रकमा आगाऊ गोळा करायच्या आणि त्या पैशातून लेखकाने स्वतःच कादंबरी काढायची, अशी ही पद्धत आहे. यात प्रकाशक नसतो. संपादन, मुखपृष्ठ, छपाई, टपाल ही सगळी कामे लेखकाच्याच अंगावर पडतात. स्वामित्वहक्कही त्याच्याकडेच राहतात. पैसे देणारा पाठीराखा भागीदार नसतो, त्याला नफ्यात वाटा मिळत नाही. ठरलेली प्रत आणि सोबत कबूल केलेल्या भेटी एवढाच त्याचा हक्क. इंग्रजीतील फँटसी कादंबरीत, त्यातही अमेरिकेत, ही रीत चांगलीच रुजली आहे. या शाखेचा वाचक जाडजूड ग्रंथाला बिचकत नाही, मालिकेच्या पुढच्या भागासाठी वर्षानुवर्षे थांबतो आणि पुस्तकावर वस्तू म्हणूनही जीव लावतो: आतल्या पानावरचा काल्पनिक राज्याचा नकाशा, कण्यावर सोनेरी ठसा, रंगवलेल्या कडा. दुकानातल्या साध्या आवृत्तीत हे थाट सहसा नसतात आणि पाठीराखा पैसे मोजतो ते बरेचदा याच थाटासाठी.

कल्पना जुनीच आहे. अलेक्झांडर पोपने ‘इलियड’चा इंग्रजी अनुवाद १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढला तो वर्गणीदारांच्या बळावर. संचाची वर्गणी सहा गिनी, वर्गणीदार ५७५. श्री. व्यं. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’मागेही (१९२०–२९) मर्यादित कंपनीचे भागधारक आणि आगाऊ नोंदणी केलेले ग्राहक उभे होते. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ तर मराठी वाचकाच्या घरचीच. मात्र सवलत योजनेत पुस्तक निघाले नाही तर तोंड द्यायला प्रकाशकाची पेढी असते. इथे समोर एकटा लेखक असतो आणि पहिल्या कादंबरीच्या वेळी त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

इंटरनेटवरचे पहिले प्रयोग क्राउडफंडिंगची संकेतस्थळे उभी राहण्याआधीचे आहेत. स्टीफन किंगने २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे ठेवली. सुरुवातीला दर हप्त्याला एक डॉलर, आणि उतरवून घेणाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांनी पैसे दिले तरच पुढे लिहीन, ही अट. सहा हप्त्यांनंतर लेखन थांबले ते थांबलेच. (प्रकाशन कार्यालयात शिरलेल्या रक्तपिपासू वेलीची ती गोष्ट होती, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.) लॉरेन्स वॉट-एव्हान्सने २००५ मध्ये ‘द स्प्रिगन मिरर’ लिहिताना हिशेब उलटा मांडला: शंभर डॉलर जमले की पुढचे प्रकरण. त्याची एथशार मालिका वाचणारे लोक आधीपासून होते, म्हणून कादंबरी पूर्ण झाली. कॅथरिन व्हॅलेंटेची बालकादंबरी ‘द गर्ल हू सर्कमनॅव्हिगेटेड फेअरीलँड’ २००९ मध्ये वाचकांच्या ऐच्छिक देणग्यांवर प्रकरणागणिक प्रसिद्ध झाली. छापील आवृत्ती निघण्याआधीच तिला आंद्रे नॉर्टन पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये प्रस्थापित प्रकाशकाने ती काढली. हे तिघेही नवखे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इंडीगोगो हे संकेतस्थळ २००८ मध्ये आणि किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झाल्यावर व्यवहाराला ठरलेला साचा मिळाला. किकस्टार्टरचा नियम ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा आहे. लेखक उद्दिष्ट आणि मुदत जाहीर करतो. मुदत जास्तीत जास्त साठ दिवसांची, पण तीसच्या आतबाहेरची बरी मानली जाते. तेवढ्यात उद्दिष्ट गाठले तरच पाठीराख्यांच्या कार्डावरून पैसे कापले जातात, नाहीतर कुणाचा एक सेंटही जात नाही. इंडीगोगोवर जमले तेवढे घेण्याची सोयही असते. पहिल्या पुस्तकाला ती घातक ठरते, कारण अर्ध्या पैशात अर्धे पुस्तक छापता येत नाही. मोहिमेचे दिवस सारखे नसतात. पहिल्या दोनतीन दिवसांत आणि शेवटच्या दोन दिवसांत पैसा येतो, मधला काळ कोरडा जातो. म्हणून मोहीम उघडण्याआधीच ईमेल यादी, नमुना प्रकरणे, मुखपृष्ठाचे चित्र यांची जुळवाजुळव करावी लागते. अनोळखी माणसे मागून येतात. पहिल्या दिवशी येतात ते ओळखीचे.

हिशेबात नवा लेखक हमखास फसतो. समजा, २०० पाठीराख्यांनी सरासरी २५ डॉलर दिले आणि ५,००० डॉलरचे उद्दिष्ट गाठले. किकस्टार्टरचे पाच टक्के म्हणजे २५० डॉलर गेले. पैसे वळते करण्याचे तीन टक्के, शिवाय दर व्यवहारामागे वीस सेंट, म्हणजे आणखी १९०. उरले ४,५६०. फँटसी कादंबरी १,२०,००० शब्दांची असणे अगदी सामान्य; भाषासंपादनाला शब्दामागे दोन सेंट धरले तरी २,४०० डॉलर लागतात. राहिलेल्या २,१६० डॉलरमध्ये मुखपृष्ठ, नकाशा, मांडणी, छपाई आणि टपाल बसवायचे. यातला टपालखर्च सर्वांत दगाबाज. पाचशे पानांची पुठ्ठाबांधणीची प्रत किलोच्या आसपास भरते आणि अमेरिकेतून परदेशी पाठवायची तर टपाल पुस्तकाच्या किमतीला गाठते, कधी ओलांडतेही. जाणकार लेखक त्यामुळे टपालाचे पैसे मोहिमेत न धरता छपाईनंतर, पाठवतानाच्या दराने वेगळे घेतात. ईपुस्तकाचा स्वस्त टप्पा ठेवण्यामागेही हेच गणित असते. त्याला ना वजन ना टपाल.

भेटींच्या बाबतीत हौस नडते. सही केलेली प्रत, वाचनखूण, नकाशाची छापील प्रत, एखाद्या दुय्यम पात्राला पाठीराख्याचे नाव एवढ्यावर थांबावे. धातूच्या पिना, मेणबत्त्या, टीशर्ट आले की लेखकाच्या घराचे गोदाम होते. ‘स्ट्रेच गोल’, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे जमल्यास जाहीर केलेली जादा आमिषे, हा दुसरा सापळा. वाढलेला पैसा वाढलेल्या कबुलीत जिरतो आणि यश मिळूनही तोटा होतो.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण पहिल्या कादंबरीचे नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने १ मार्च २०२२ रोजी किकस्टार्टरवर चार कादंबऱ्यांची मोहीम उघडली. उद्दिष्ट दहा लाख डॉलर होते. १,८५,३४१ पाठीराख्यांकडून ४ कोटी १७ लाखांहून अधिक डॉलर जमले आणि पेबल या स्मार्टघड्याळाचा तिथला २०१५ चा विक्रम दुपटीने मोडला. वर्तमानपत्रांनी आकडा उचलून धरला, त्यामागची दोन कारणे मात्र मागे पडली. त्याची पहिली कादंबरी ‘एलांट्रिस’ टॉर या प्रकाशनसंस्थेने २००५ मध्ये काढली होती, म्हणजे वाचकवर्ग सतरा वर्षे घडत आला होता. आणि मोहीम उघडली त्या दिवशी चारही कादंबऱ्या लिहून तयार होत्या. पहिले नवख्याला जमणारे नाही, दुसरे पूर्णपणे त्याच्या हातातले आहे. तरी प्रत्यक्षात दिसते ते असे की नवखे लेखक आकड्याचे अनुकरण करतात आणि अर्धवट हस्तलिखित घेऊन मोहिमेत उतरतात.

पहिल्याच कादंबरीचे बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. अनबाउंड ही संस्था वाचकांकडून आगाऊ पैसे घेई, पण संपादन आणि वितरण स्वतः करी. तिने काढलेली पॉल किंग्जनॉर्थची पहिली कादंबरी ‘द वेक’ २०१४ मध्ये बुकर पुरस्काराच्या लांब यादीत आली. १०६६ च्या नॉर्मन आक्रमणानंतरच्या इंग्लंडची ती कथा घडवलेल्या जुन्या धाटणीच्या इंग्रजीत आहे. फँटसी तिला म्हणता येणार नाही, पण नेहमीचा प्रकाशक जिच्यापासून दूर पळेल अशी कादंबरी वाचकांच्या पैशावर उभी राहू शकते, हे तिने दाखवले. पुढे मार्च २०२५ मध्ये अनबाउंड दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली आणि लेखकांची येणी अडकली. मध्यस्थ संस्था आहे म्हणून पैसे सुरक्षित, असे समजण्यात अर्थ नाही.

बुडवेगिरीचे प्रमाण समजतात तितके मोठे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या पाठीराख्यांची पाहणी केली, तेव्हा पैसे मिळूनही कबूल केलेली वस्तू न देणारे प्रकल्प सुमारे नऊ टक्के निघाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एका बैठ्या खेळाच्या निर्मात्यावर कारवाई केली. क्राउडफंडिंगविषयी आयोगाचे ते पहिले प्रकरण. कादंबरीत फसवणुकीपेक्षा उशीर अधिक. आणि उशिराचे मूळ बहुधा छापखान्यात नसून न लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणांत असते.

भारतात राहणाऱ्या लेखकाला किकस्टार्टरवर मोहीम उघडता येत नाही, कारण परवानगी असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडात स्थायिक मराठी लेखकाला ती सोय आहे. देशातील केट्टो आणि मिलाप या संकेतस्थळांवर मुख्यतः औषधोपचार आणि सामाजिक कामांसाठी पैसे जमतात. कलाकृतींसाठी मुंबईत विशबेरी सुरू झाले होते. मराठीत फँटसी लिहिणाऱ्याने परदेशी साचा जसाच्या तसा उचलण्यापेक्षा प्रकाशनपूर्व सवलतीची चालत आलेली वाट धरावी, आगाऊ नोंदणी यूपीआयवर घ्यावी आणि प्रती मागणीनुसार छापाव्यात; बेंगळुरूचे पोथी डॉट कॉम आणि चेन्नईचे नोशन प्रेस मागणीनुसार छपाई करतात. स्वतः काढलेल्या पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक अमेरिकेत विकत घ्यावा लागतो; भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.