शिपाई नसला की तहान

तहान लागली की आधी गुरुजींची परवानगी काढायची, मग शिपायाला शोधायचं. त्याने नळ सोडला तर पाणी. तो जागेवर नसला तर घसा कोरडाच. एकोणिसावं शतक संपताना साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या मुलाचे दिवस असे जात. नळाच्या तोटीला हात लावायची त्याला बंदी होती. बसायला घरचं गोणपाट, तेही रोज संध्याकाळी गुंडाळून न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला शिवत नसे. बाबासाहेबांनी हे पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं.

महाराष्ट्रातल्या शाळांचा इतिहास बहुधा संस्थापकांचा आणि इमारतींचा सांगितला जातो. पण शाळेत कोण टिकलं आणि कोण गळलं, हे बऱ्याच अंशी नळाने आणि मुतारीने ठरवलं.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. अक्षर आणि पाणी यांची अडवणूक एकाच व्यवस्थेतून होते, हे फुल्यांना नेमकं कळलं होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्यात पाणवठ्यांबरोबर शाळाही होत्या. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला जावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर शाळा गावोगाव पोचली. कुठे देवळाच्या ओसरीत, कुठे चावडीत, पुढे जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांत. मुतारी मात्र क्वचितच हिशेबात असे. पोराने करंगळी वर केली की गुरुजी मान हलवत आणि पोरगं शाळेमागच्या झुडपांकडे धूम ठोकत असे.

मुलींना तसं पळता येत नव्हतं.

मग मुलींनी आपला उपाय शोधला: पाणीच प्यायचं नाही. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी परत येते. दिवसभर लघवी रोखून धरली की ओटीपोट दुखतं, जळजळ होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो. अंगात पाणी कमी पडलं की डोकं ठणकतं, फळ्यावर लक्ष लागत नाही. पाळी सुरू झाली की महिन्यातले काही दिवस शाळा बुडते, आणि बुडता बुडता कधी कायमची सुटते.

महाराष्ट्रात २०००च्या सुमारास संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं हागणदारीमुक्तीसाठी चढाओढीने झटू लागली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी बंधनकारक केलं. २०१४ नंतरच्या वर्षभरात देशातल्या २,६१,४०० सरकारी शाळांत ४,१७,७९६ स्वच्छतागृहं बांधून झाल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. त्याचं मोल किती, हे संशोधक अंजली अदुकिया यांच्या २०१७च्या अभ्यासातून दिसतं. शाळेत स्वच्छतागृह झालं की पटसंख्या वाढते. लहान मुलांना कोणतंही चालतं, पण वयात आलेल्या मुलींसाठी ते वेगळंच लागतं.

पण भिंती उभ्या राहिल्या, पाणी आलं नाही. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांची महालेखापरीक्षकांनी पाहणी केली, तेव्हा ७२ टक्के ठिकाणी आत वाहतं पाणी नव्हतं. टाकी कोरडी, धुवायला माणूस नाही, म्हणून दाराला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. सातवीतल्या मुलीने ती चारचौघांत मागायची कशी?

साताऱ्यातल्या त्या मुलाला जातीने अडवलं होतं. या मुलीला अडवतो तो हिशेब, ज्यात बांधकामाचा खर्च धरलेला असतो, पण सफाई कामगाराचा पगार, मोटारीचं वीजबिल आणि साबणाची वडी धरलेली नसते. शाळेच्या वार्षिक अनुदानात या तीन गोष्टींसाठी वेगळी रक्कम असायलाच हवी, आणि ती किल्ली कपाटातून बाहेर यायला हवी.