औषधाच्या खोलीतली शाळा

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव आपण सगळ्याजणी ऐकून आहोत. 1883 साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच शहरातल्या आणखी एका बाईंची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. त्यांचं नाव सुसान हेहर्स्ट. रुग्णालयातल्या औषधाच्या खोलीत त्यांनी मुलींची शाळाच चालवली.

आधी ते रुग्णालय कसं उभं राहिलं ते ऐका. स्त्रियांचं हे कॉलेज 1850 मध्ये निघालं, पण शहरातली रुग्णालयं तिथल्या मुलींना शिकायला आत घेईनात. पुस्तक पाठ झालं तरी रोगी बघायचा कुठे? मग डॉ. ॲन प्रेस्टन यांनी इतर बायकांना बरोबर घेतलं, पैसे गोळा केले आणि 1861 मध्ये स्त्रियांचं रुग्णालय काढलं. तिथे बायकांवर उपचार होत आणि मुलींना शिकायला मिळे. बाहेर कसे दिवस होते म्हणाल, तर 1869 मध्ये शहरातल्या जुन्या रुग्णालयात मुली शिकायला जाऊन बसल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे गोळे फेकले, कपड्यांवर तंबाखू थुंकली.

सुसानबाई 1857 मध्ये याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या होत्या. 1876 पासून स्त्रियांच्या रुग्णालयातला औषध विभाग त्यांनी सांभाळला. तेव्हा औषध बहुतेक हातानेच करावं लागे. खलात घोटायचं, काट्यावर तोलायचं, अर्क काढायचे, गोळ्या वळायच्या. अफूचा अर्क तर थेंबाथेंबाने मोजायचा. हात चुकला तर रोग्याच्या जिवावर बेतायचं.

सगळं काम हातात असूनही सुसानबाईंना या विद्येचं रीतसर शिक्षण हवं होतं. त्यांनी फिलाडेल्फियाच्या फार्मसी कॉलेजात नाव घातलं आणि 1883 मध्ये, साठी ओलांडल्यावर, पदवी मिळवली. त्या कॉलेजातून पदवी घेणारी ती पहिली स्त्री.

त्या काळी ही विद्या औषधाच्या दुकानात उमेदवारी करून शिकायची पद्धत होती, आणि मुलीला उमेदवार म्हणून ठेवणारे दुकानदार फार थोडे. सुसानबाईंनी आपल्या विभागाचं दार मुलींना उघडलं. एकूण 33 वर्षं त्यांनी तो विभाग चालवला आणि सुमारे 65 स्त्रियांना या कामात तयार केलं.

पुढे रुग्णालयात शिकवण्याची ही रीत वाढत गेली. 1927 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी फार्मासिस्टसाठी ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण सुरू केलं. 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावर, थेट शस्त्रक्रियेच्या रुग्णांजवळ, रात्रंदिवस फार्मासिस्ट ठेवले. विद्यार्थीही तिथेच शिकू लागले. कोणाला कोणतं औषध चाललंय, दोन औषधं एकमेकांना बाधतात का, हे रोग्याजवळ राहून बघायचं. आपल्या देशात 2008 मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. त्यातलं शेवटचं वर्ष रुग्णालयातच काढायचं असतं.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली डी.फार्म. करतायत. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात 500 तासांचं प्रशिक्षण असतं, तेही किमान तीन महिने. त्यातले निम्मे तास तरी डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. बैठकीत आम्हाला विचारतात, "पोरीला तीन महिने एवढ्या लांब कशाला धाडायची? कुणाची सही आणली की भागत नाही का?"

सहीने कागद पुरा होईल. पण उद्या ही मुलगी मेडिकलमध्ये उभी राहील आणि आपल्यातलीच कुणी तापलेल्या लेकराचं औषध घ्यायला जाईल. पॅरासिटामॉलचे थेंब वेगळे आणि चमच्याने पाजायचं पातळ औषध वेगळं. नाव एकच, पण थेंबांच्या बाटलीतलं औषध कितीतरी पट तीव्र असतं. तेच चमच्याने पाजलं तर लेकराला मात्रा भलतीच जास्त होईल. बाटली हातात देताना "ताई, हे थेंबांनीच द्यायचं, चमच्याने नाही" असं सांगायची सवय कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, रोज चिठ्ठ्या वाचूनच लागते.

तेव्हा मुलीला त्या तीन महिन्यांसाठी पाठवा. तिथे काय शिकलीस, हे दर आठवड्याला विचारा. बसभाड्याची किंवा राहण्याची अडचण असेल तर गटाच्या बैठकीत मांडा. फिलाडेल्फियाच्या बायकांनी पैसे जमवून अख्खं रुग्णालय उभं केलं. आपल्याला एका मुलीच्या तीन महिन्यांची सोय करायची आहे.