जुन्या डायरेक्टऱ्या आणि पूर्वजांचा शोध

वसईतील ख्रिस्ती कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. एकाच धर्मग्रामाच्या नोंदवहीत एकाच नावाचे अनेक परेरा किंवा डिमेलो सहज भेटतात. गावात आळी व घराण्याचे टोपणनाव हा गुंता सोडविते; परंतु जो पूर्वज पोटापाण्यासाठी मुंबईस गेला, त्याची आळी येथेच राहिली. १८६७ साली विरार-मुंबई उपनगरी गाडी सुरू झाल्यावर तर ही ये-जा सोपी झाली. अशा पूर्वजाचा माग घेण्यास जुन्या डायरेक्टऱ्या उपयोगी पडतात.

मुंबईसाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची डायरेक्टरी आणि १८८५ पासून निघालेली अखिल भारतीय ‘थॅकर्स इंडियन डायरेक्टरी’ ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. त्यांत रहिवाशांची नावे, व्यवसाय, कचेऱ्या व पत्ते सापडतात. नाव शोधताना ‘डिमेलो’ हे ‘ड’ प्रमाणेच ‘म’ च्या वर्णक्रमातही पाहावे; जुन्या छापखान्यांना ‘डि’ कोठे धरावा याचा नियम नव्हता. ग्रंथावरील वर्ष आणि माहिती गोळा झाल्याचे वर्ष यांतही अंतर असू शकते, म्हणून मागचेपुढचे दोन-तीन खंड चाळावेत. एखाद्या वर्षी नाव गळाले म्हणजे माणूस वारला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

रस्त्यांची नावेही बदलली आहेत. हॉर्नबी रोड आज दादाभाई नौरोजी मार्ग आहे, गिरगाव रोड जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. सॅम्युअल शेपर्ड यांचे मुंबईच्या स्थळनामांवरील १९१७ चे पुस्तक येथे फार कामी येते.

एक गोष्ट स्पष्टच सांगावी लागेल. या ग्रंथांत साहेब, वकील, डॉक्टर, कारकून व व्यापारी भेटतात. भाजी-केळी घेऊन जाणारी आपली आजी, कोळीण, गिरणीतला वा गोदीतला मजूर सहसा भेटत नाही. स्त्रियांची नावे तर क्वचितच. ज्यांच्या कष्टांवर अनेक घरे उभी राहिली, त्यांच्यासाठी चर्चच्या नोंदवह्यांकडेच वळावे लागते.

खरे तर डायरेक्टरीचा मोठा उपयोग तोच आहे. गिरगाव, कावेल वा माझगावचा पत्ता मिळाला की त्या वेळचे जवळचे चर्च ठरविता येते आणि तेथील विवाहनोंदीत आईवडिलांची नावे पाहता येतात. ‘ने तेमेरे’ या आदेशान्वये १९०८ पासून विवाहाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे करणे बंधनकारक झाले. म्हणजे मुंबईत झालेल्या विवाहाचा उल्लेख पापडी, नंदाखाल वा माणिकपूरच्या वहीच्या समासात असू शकतो. त्या समासावरूनच अनेक नावांतील आपला माणूस वेगळा काढता येतो. पोर्तुगीज वा लॅटिनमधील नोंदी वाचण्यास जाणकाराचे साह्य घ्यावे. वह्या जीर्ण असतात, त्यामुळे प्रमुख धर्मगुरूंकडे आधी लेखी विनंती करून, शोधायचे नाव व अंदाजे वर्ष कळवावे.