आधी ऐकलं, मग छापलं

1969 साली बीबीसीवर ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही प्रहसनांची मालिका सुरू झाली आणि 1971 मध्ये तिचं पुस्तक आलं. नाव ‘बिग रेड बुक’, म्हणजे मोठं लाल पुस्तक. मुखपृष्ठ मात्र निळं! पडद्यावरचे संवाद नुसते छापून भागणार नाही, हे या मंडळींनी ओळखलं होतं. म्हणून त्यात खोट्या जाहिरातींसारखा, कागदावरच शोभणारा विनोद भरला.

मराठीत हा प्रवास बहुतेक उलटा झाला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी पुस्तकात होते, 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबई दूरदर्शनवर आले. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर. पुढं त्यांच्याच ‘अनुदिनी’वरून 2001 मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. दोन्ही मालिका मला आवडतात. पण त्या घरांतली भाषा आधीपासूनच छापील मराठीच्या जवळची. ती कशी लिहायची, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

आमच्या मराठवाड्याला तो पडतो. पालमच्या रस्त्यावर कुणी ‘काय करत आहेस’ विचारत नाही. ‘काय करायलास’ विचारतो. ‘का’ ऐवजी ‘कामून’. हीच बोली घेऊन लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. खेड्यातलं वऱ्हाड विमानानं लंडनला निघतं आणि पन्नासहून अधिक माणसं एकटा नट उभी करतो. टीव्ही नव्हे, रंगमंच. तरी आधी तोंडी हशा आणि मग पुस्तक, हा पायथनचा क्रम आपल्याकडं इथं सापडतो. कॅसेट ऐकलेल्या माणसाला पुस्तक वाचताना आवाज आठवतो. न ऐकलेल्याला मात्र बोलीवरच विसंबावं लागतं. ती दुरुस्त करून छापली असती, तर विनोद विमानात बसण्याआधीच संपला असता.

आमच्या घरांत आणखी एक पदर आहे, दखनीचा. सुलेमान खतीब यांची दखनी शायरी लोकांनी मुशायऱ्यांत ऐकली, हसले, डोळेही पुसले. ‘केवडे का बन’ हा संग्रह त्यामुळंच टिकला, कारण त्यात दखनी दखनीच राहिली. हिंदी सिनेमात मात्र हीच बोली बऱ्याचदा विनोदी नोकराच्या वाट्याला येते. खतीबांकडं हसवणारीही तीच बोलते आणि हुंड्यावरून कोसणारी सासूही तीच.

माझ्या वर्गात मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांच्या नकला करतात, अगदी पंधरा-पंधरा मिनिटं. तेच लिहायला सांगितलं की वहीत ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ असं स्वच्छ मराठी उतरतं आणि कुणीच हसत नाही. हल्ली मी सांगतो, आधी बोललात तसं लिहा, शुद्धलेखन नंतर पाहू. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, “सर, ‘कामून’ लिहिलं तर मार्क कटतील का?”